प्रतिज्ञापत्रात आईकडची एफडी लिहायची का?

सदाफुली | बुधवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे. पहिला धागा असल्या विषयावर काढावा लागेल असं वाटलं नव्हतं.

थोडक्यात सांगते. लग्नाला सोळा वर्षं झाली, मुलगी नववीत. दीड वर्षापासून आम्ही दोघी आईकडे. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा दावा नवऱ्याने लावलाय, मी अंतरिम पोटगीचा अर्ज केलाय. त्याच्याबरोबर उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं अफिडेव्हिट द्यायचं आहे. वकीलबाईंनी कोरा नमुना हातात दिला तेव्हा वाटलं दोन पानांचं काम असेल. कसलं काय! दूध, किराणा, रिक्षा, मुलीचा क्लास, औषधं, सगळं महिन्याच्या हिशेबाने. तेवढं मी दोन रात्रींत भरलं. अडलंय पुढे.

लग्नानंतर मी दुपारी घरीच दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. त्यातले हजार-दोन हजार आईकडे नेऊन द्यायचे. आई म्हणायची, "बाईचं आपलं असं काहीतरी असावं. सासरी बोलायचं नाही." तिने ते बँकेत टाकले, मोडले, परत टाकले. आज व्याजासकट सात लाख दहा हजार आहेत. एफडीवर पहिलं नाव आईचं, दुसरं माझं. नवऱ्याला पत्ता नाही.

लिहायचं का? लिहिलं तर त्याचा वकील म्हणणार, हिच्याकडे सात लाख पडलेत, पोटगी कशाला? आणि तो काय लिहिणार ते मला आत्ताच माहीत आहे. भावाबरोबर फॅब्रिकेशनचा धंदा, भोसरीला शेड, आणि उत्पन्न महिना तीस हजार! समोरचा धडधडीत खोटं लिहिणार असताना मी एकटीनेच हरिश्चंद्र का व्हायचं?

---

वरणफळ | बुधवार, रात्री ११:५८

अजिबात लिहू नकोस. पहिलं नाव आईचं ना? मग पैसे आईचे. विषय संपला. झोप आता.

---

टपरीवरचा_चहा | गुरुवार, सकाळी ७:१०

वरणफळ +१

---

काळाकोट | गुरुवार, सकाळी ९:३५

वरणफळताई, सल्ला मायेचा आहे, पण अशाच सल्ल्यांवर आमच्या घरातली चूल पेटते. (हलकं घ्या.)

हा कागद आला कुठून ते आधी सांगतो. मूळ प्रकरण आपल्या नागपूरचं. तिथल्या कौटुंबिक न्यायालयाने २०१३ साली बायकोला दरमहा १५ हजार आणि लहान मुलाला ५ हजार, पुढे १० हजार, अशी अंतरिम पोटगी ठरवली. नवरा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात हरला आणि दिल्लीला गेला. ४ नोव्हेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, रजनीश विरुद्ध नेहा. पोटगीचं प्रकरण कुठल्याही कायद्याखाली असो, दोन्ही बाजूंनी एकाच नमुन्यात शपथेवर तपशील द्यायचा, असं त्यात ठरलं. बायको गरजा फुगवून सांगते, नवरा उत्पन्न दडवतो आणि मधल्या मधे न्यायाधीश अंदाजपंचे आकडा काढतात, हे न्यायालयानेच मान्य केलं. अर्जदाराने अर्जासोबत द्यायचं, समोरच्याने फार तर चार आठवड्यांत. प्रत्यक्षात चार आठवड्यांचे चार महिने होतात ते सोडा.

आता तुमची एफडी. नमुन्यात व्याज, भाडं, शेअर, फंड, एफडी, पोस्ट यांचं उत्पन्न विचारलंय, आणि सगळ्या खात्यांचे तीन वर्षांचे उतारे. पहिलं नाव कुणाचं ही बँकेची सोय झाली. पैसे शिकवणीचे, तुम्ही कमावलेले, हे तुम्ही स्वतःच वर लिहिलंय. मग ते तुमचे.

शपथेवर खोटं लिहिलं तर पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३४० लागायचं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं ३७९ आहे. खोट्या पुराव्याला कायद्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे. पोटगीच्या प्रकरणात गोष्ट तिथवर क्वचित जाते, उगाच घाबरवत नाही. नुकसान होतं ते दुसरीकडे. उलटतपासात ती एफडी निघाली की त्यानंतर तुमचा दुधाचा आकडाही कुणी खरा मानत नाही. अशा बायका मी साक्षीच्या पिंजऱ्यात रडताना पाहिल्यात, आणि त्यांची बाकीची नव्वद टक्के केस खरी होती.

सात लाख आहेत म्हणून पोटगी बुडते हाही गैरसमज. बायको कमावती असली तरी तेवढ्या कारणावर नाही म्हणता येत नाही, हे त्याच निकालात आहे. सासरी जशी राहत होती तशी ती स्वतःच्या पैशावर राहू शकते का, हे बघतात. सात लाखांचं व्याज महिन्याला चार हजारांच्या आसपास. त्यात मुलीची फी तरी निघते का?

---

चिडका_बिब्बा | गुरुवार, सकाळी १०:२०

वा वा. बाईंनी लपवलं की माया, आम्ही लपवलं की लबाडी.

माझी बायको आयटीत टीम लीड होती. माझी नोटीस मिळाली आणि दोन महिन्यांत राजीनामा. अफिडेव्हिटमध्ये उत्पन्न काय, तर निरंक. माझं मात्र फॉर्म १६, पगारपत्रक, गृहकर्जाचा हप्ता, आईचा मेडिक्लेम, सगळं उघडं. नोकरदार माणूस म्हणजे काचेची बरणी. धंदेवाल्याला कोण विचारतो?

---

काळाकोट | गुरुवार, सकाळी १०:५२

तक्रार रास्त आहे. नमुन्यात शिक्षण आणि नोकरीचा तपशील असतो, शिवाय समोरच्याच्या उत्पन्नाबद्दल *तुम्हाला* काय माहीत आहे ते लिहायला वेगळा भाग आहे. लोक तो मोकळा सोडतात. सोडू नका. तिच्या कंपनीकडून शेवटचे पगार आणि राजीनाम्याची तारीख मागवायचा अर्ज करा. नोटीस पोचल्याची तारीख शेजारी ठेवली की पुढचं न्यायाधीशांना समजावून सांगावं लागत नाही.

---

चिडका_बिब्बा | गुरुवार, सकाळी ११:०३

तिचा जुना ईमेल माझ्या लॅपटॉपवर अजून उघडतो. पगारपत्रकं तिथूनच काढली तर?

---

काळाकोट | गुरुवार, सकाळी ११:०६

नको! माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली स्वतःवरच केस ओढवून घ्याल. आजच लॉगआउट करा.

---

खतावणी | गुरुवार, दुपारी २:१५

मी सीए. सदाफुली, आई बँकेत १५-एच फॉर्म भरतात का, व्याजावर टीडीएस कापू नये म्हणून?

---

सदाफुली | गुरुवार, दुपारी २:४०

हो, दर एप्रिलला. फॉर्म मीच भरते, आई फक्त सही करते :(

---

खतावणी | गुरुवार, दुपारी ३:३०

मग गाठ तिथे आहे. १५-एचमध्ये आई बँकेला सांगतात की हे व्याज माझं, माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, टीडीएस कापू नका. अफिडेव्हिटमध्ये तुम्ही सांगणार पैसे माझे. दोन कागद एकमेकांकडे पाठ करून उभे राहणार. बँक व्याज दाखवते पहिल्या नावाच्या पॅनवर, म्हणून तुमच्या २६-एएसमध्ये किंवा एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या नोंदींत, ते कधी दिसलं नाही. कराच्या दृष्टीने पैसा ज्याचा, व्याज त्याचं. तुमचं उत्पन्न बहुधा करपात्र मर्यादेच्या खालीच असेल, म्हणजे भरायचं काही निघणार नाही. तरी पुढच्या एप्रिलचा फॉर्म थांबवा आणि ओळखीच्या सीएला कागद दाखवा.

आता नवऱ्याचे तीस हजार. धंदा भागीदारी फर्मचा असेल तर ही खोच बघा. भागीदाराचा नफ्यातला वाटा त्याच्या हातात करमुक्त असतो, कारण त्यावर फर्मने कर भरलेला असतो. विवरणपत्रातलं करपात्र उत्पन्न पाहिलं तर मानधन तेवढं दिसतं, ते तीस हजारच असू शकेल, आणि तो म्हणेल मी कुठे खोटं बोललो! म्हणून करमुक्त उत्पन्नाचं परिशिष्ट मागा, आणि फर्मच्या ताळेबंदातलं त्याचं भांडवल खातं. त्यात उचल दिसते. गाडीचा हप्ता, मोबाइलचं बिल, केरळची सहल, सगळं तिथून गेलेलं असतं. महिना पंचवीस हजार मानधन आणि वर्षाची उचल आठ लाख, असं खातं मी स्वतः तपासलेलं आहे.

---

उसाचं_पाचट | गुरुवार, रात्री ९:०५

माझं होऊन तीन वर्षं झाली. मी शेतकरी, आमच्यासाठी नमुनाच वेगळा आहे. जमीन किती, सामाईकात वाटा किती, जिरायत की बागायत, पीक कोणतं, तीन वर्षांचं उत्पन्न, बटईने केलीय का, आणि मग गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्यासुद्धा. मी हसलो होतो. वकील म्हणाला, हसू नको, लिही.

७/१२ वर चार भावांची नावं, क्षेत्र सव्वासहा एकर. माझ्या वाट्याला दीड एकर आणि वर थोडं. तसं लिहिलं. तिच्या वकिलाने साखर कारखान्याची बिलं मागवली. ऊस सगळा माझ्या नावावर गेलेला, कारण चौघांत कारखान्याचा सभासद मी एकटा. कागदावर सहा एकरांचं बिल माझ्या खात्यात! न्यायाधीश म्हणाले, तुमचा वाटा दीड एकर तर एवढे पैसे कसे? मी सांगितलं, बिल आलं की चौघांत वाटून घेतो. म्हणाले, वाटल्याच्या पावत्या? आता भावाभावांत कोण पावत्या करतं हो! तीन तारखा त्यात गेल्या. शेवटी धाकट्याला पिंजऱ्यात उभा केला आणि त्याच्या पासबुकातल्या नोंदी माझ्या नोंदींशी जुळवून दाखवल्या. दरवर्षी बिल जमा झाल्यावर दोन दिवसांत रक्कम गेलेली होती, म्हणून सुटलो. रोख वाटली असती तर बुडालो असतो.

एक म्हैस लिहायची राहिली. ती मोठ्या वहिनीच्या माहेरून आलेली, गोठा मात्र आमचा. म्हशीवर कोर्टात दहा मिनिटं चर्चा झाली. दूध किती देते इथपर्यंत.

सोसायटीचं पीककर्ज तेवढं मी न विसरता लिहिलं होतं, ते न्यायाधीशांच्या लक्षात आलं :)

---

वरणफळ | गुरुवार, रात्री १०:३०

लिहू नकोस म्हटलं ते का, तेही सांगते. १९९४ साली दोन लेकरं घेऊन मी घर सोडलं तेव्हा साखरेच्या डब्याखाली ठेवलेले साडेतीनशे रुपये होते. एसटीचं तिकीट त्यातून निघालं, आणि माहेरी गेल्यावर पहिल्या आठवड्याचं दूध. ते त्याला माहीत असते तर मी आज हे लिहायला नसते. म्हणून असला चोरटा पैसा कुणी उघड कर म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

---

काळाकोट | गुरुवार, रात्री १०:४८

ताई, नमस्कार करतो. ते तुम्ही नवऱ्यापासून लपवलेत, त्याला माझी काहीच हरकत नाही. सदाफुलींनीही सोळा वर्षं तेच केलं आणि बरं केलं. माझं म्हणणं फक्त शपथेच्या कागदापुरतं आहे.

---

मांडवीकाठ | शुक्रवार, सकाळी ८:२०

गोव्यातून लिहितोय, इथे सगळा खेळच निराळा. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी त्याची, अर्धी तिची. घर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. त्यामुळे घटस्फोटात इथे नुसती पोटगी ठरत नाही, वाटणी होते आणि त्यासाठी मालमत्तेची यादी करावी लागते. माझ्या मावशीच्या यादीत न्हाणीघरातलं तांब्याचं भाणंसुद्धा लिहिलं होतं. ते कोणालाच नको होतं, पण दोघांनाही सोडायचं नव्हतं.

---

सदाफुली | शुक्रवार, सकाळी ९:१५

म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये माझा अर्धा वाटा नाही?? मला तर सगळे सांगतात अर्धं मिळतंच.

---

काळाकोट | शुक्रवार, सकाळी ९:४०

आपोआप नाही. महाराष्ट्रात लग्न झालं म्हणून मालमत्ता सामाईक होत नाही. करारावर तुमचं नाव असेल, हप्ते भरले असतील तर तो हक्क वेगळा मांडता येतो. राहायचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली मागता येतो, पण तो मालकीचा नव्हे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं आहे. तुमचे दागिने मात्र स्त्रीधन, ते तुमचेच. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रतिभा राणी निकालापासून, म्हणजे १९८५ पासून, त्यात शंका नाही. दागिन्यांचंही वर्णन नमुन्यात विचारलंय, कोणता कुणाकडे आहे तेही लिहा.

---

सॅन_होजेकर | शुक्रवार, सकाळी ११:३०

आमच्या कॅलिफोर्नियात दोन्ही बाजूंनी सगळं उघड करणं सक्तीचं. लॉस एंजेलिसमधलं एक प्रकरण इथले वकील हमखास ऐकवतात. बाईला १९९६ च्या डिसेंबरात लॉटरीत १३ लाख डॉलरचा वाटा लागला. नवऱ्याला न सांगता तिने लगेच घटस्फोटाचा अर्ज केला आणि मालमत्तेच्या यादीत लॉटरी लिहिली नाही. काही वर्षांनी एक पत्र चुकून नवऱ्याच्या पत्त्यावर आलं आणि बिंग फुटलं. कोर्टाने तिचा लॉटरीचा सगळा वाटा नवऱ्याला दिला. आधीच सांगितलं असतं तर निदान काही राहिलं असतं. २००१ मध्ये अपिलातही तेच कायम झालं.

---

टपरीवरचा_चहा | शुक्रवार, दुपारी १२:०५

माझा वरचा +१ मागे घेतो.

---

अर्धाच_लाडू | शुक्रवार, दुपारी ४:५०

आमचं परस्पर संमतीने चाललंय, भांडण नाही. आम्हालाही हे सगळं भरावं लागेल का?

---

काळाकोट | शुक्रवार, संध्याकाळी ६:१०

कोणीच पोटगी मागत नसेल तर सहसा नाही. पण संमतीच्या अटींमध्ये "यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क राहणार नाही" असं वाक्य असतं. त्याच्याखाली सही करण्याआधी समोरच्याकडे काय आहे याची यादी निदान स्वतःपुरती मागून घ्या. हक्क कशावरचा सोडतोय ते तरी कळेल.

---

खतावणी | शुक्रवार, संध्याकाळी ६:३२

यात माझी भर. घर एकाने दुसऱ्याच्या नावावर करून द्यायचं ठरलं असेल तर कागद घटस्फोटाचा हुकूमनामा होण्याआधी करता येतो का ते बघा. राहतं घर नवरा-बायकोत बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. घटस्फोट झाल्यावर तुम्ही एकमेकांचे कोणी नाही, मग ही सवलतही नाही.

---

व्यवस्थापन | शुक्रवार, रात्री ८:००

दोन प्रतिसादांतली वकिलांची आणि न्यायाधीशांची नावं काढली आहेत. कृपया नावं लिहू नयेत.

---

सदाफुली | सात आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी १:२५

काहींनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं म्हणून कळवते.

लिहिलं. एफडीची पावती आईकडे होती, औषधाच्या दुकानाच्या पिशवीत, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर गुंडाळलेली. पावतीच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट. झेरॉक्सवाला म्हणाला, डाग काळा येईल, चालेल का?

आईला आधी सांगायला हवं होतं, ते मी शेवटी सांगितलं. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी सासूबाईंचा तिला फोन आला, "तुमच्या लेकीने आमच्या घरातून पैसे काढले." त्यावर आई जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण माझ्याशी बोलायला लागली.

त्याचं अफिडेव्हिट आलं. उत्पन्न एकतीस हजार पाचशे, माझा अंदाज दीड हजाराने चुकला. लग्नानंतरच्या काळात एखादी मालमत्ता विकली किंवा कुणाला दिली असेल तर कारणासह लिहा, असा त्यात एक मुद्दा आहे. तिथे त्याने लिहिलंय, "निरंक."

मी आणि वकीलबाईंच्या ऑफिसमधली मुलगी, आम्ही दोघींनी नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर गावाचं नाव आणि गट नंबर टाकून बघितलं. साइट तीनदा लटकली, कॅप्चा तर मला एकदाही पहिल्या फटक्यात जमला नाही. रात्री उशिरा इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, उघडला. भोसरीच्या शेडमधला त्याचा अर्धा हिस्सा बक्षीसपत्राने भावाच्या नावावर. तारीख मी घर सोडल्यानंतर बरोबर पाच आठवड्यांनी.

गेल्या तारखेला त्याच्या वकिलाने आधी माझी एफडी वाचून दाखवली, रक्कम दोनदा मोठ्याने. न्यायाधीश मॅडम म्हणाल्या, "हो, लिहिलंय त्यांनी." मग आमच्या बाईंनी इंडेक्स टूची प्रत पुढे केली. मॅडमनी विचारलं, हे निरंक कसं? वकिलाने अशिलाकडे बघितलं, अशील पंख्याकडे बघत होता. पुरवणी अफिडेव्हिट आणि फर्मचं तीन वर्षांचं भांडवल खातं द्यायला सांगितलंय. खतावणी, आमच्या बाईंनी ते तुमच्याच शब्दांत मागितलं, आभार.

पोटगीवर हुकूम अजून झालेला नाही. एफडी धरून आकडा कमी होईल असं बाई म्हणतात, किती ते सांगता येत नाही. पुढची तारीख महिन्याभराने आहे.

---

वरणफळ | रविवार, दुपारी १:४०

आईला माझा नमस्कार सांग. आणि त्या १५-एचचं काय झालं?

---

सदाफुली | रविवार, दुपारी २:०२

यंदा नाही भरला. आई विचारते, व्याज आता तुझं, तर माझी दिवाळीची साडी कोण घेणार?